सोन्यांतील हीण आणि थंडींतील वीज



सोनाराच्या पेढीवर आपण सर्वजण केव्हां ना केव्हां बसलेले असतों. दागिना कसोटीवर घासावा, काळ्या दगडावर उमटलेल्या पिवळ्या रेघेकडे सोनारानें डोळे बारीक करून पाहावें आणि 'चोख आहे' किंवा 'हीण आहे' एवढेंच म्हणावें, हा प्रसंग घरोघरीं परिचयाचा आहे. सोनाराच्या या दगडाला शेंकडा एखाद-दुसरा भाग हीण कळलें तरी आपण त्याची वाहवा करतों. आज मी आपणांस अशा एका कसोटीची हकीकत सांगणार आहें कीं, जिला लाखांत एखाद-दुसरा परका अणुही लपवितां येत नाहीं. ही कसोटी दगडाची नाहीं; ती विजेची आणि थंडीची आहे. आणि या कसोटीवर सोनें लावलें असतां शास्त्रज्ञांना एक असें कोडें पडलें कीं, तें सुटण्यास तीस वर्षें लागलीं, व पूर्णपणें सुटण्यास आणखी दहा.

या विषयाकडे मी कसा वळलों तें आधीं सांगतों, कारण त्यांत माझी एक चूक गुंतलेली आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन मी शाळामास्तर झालों आणि नोकरीच्या सर्व काळांत सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकविलें. तार तापविली म्हणजे तिचा विद्युत्-रोध वाढतो व थंड केली म्हणजे कमी होतो, हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, थंड करीतच गेलों तर शेवटीं काय होईल?" मीं क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, "शेवटीं रोध शून्य होईल." मुलगा खालीं बसला, तास संपला. पुढें सेवानिवृत्त झाल्यावर वाचनास सवड मिळाली, तेव्हां मला उमगलें कीं, माझें उत्तर कांहीं धातूंच्या बाबतींत खरें, कांहींच्या बाबतींत खोटें आणि कांहींच्या बाबतींत तर नेमकें उलटें होतें. मास्तरानें दिलेलें चुकीचें उत्तर मुलाबरोबर जन्मभर चालत राहतें. म्हणून ही कबुली, आणि म्हणून हें भाषण.

प्रथम रोध म्हणजे काय तें पाहूं. तांबें, रुपें, सोनें या धातूंतील प्रत्येक अणु आपल्याजवळचा साधारण एक इलेक्ट्रॉन सोडून देतो, आणि हे सुटे इलेक्ट्रॉन सर्व धातूभर हिंडत असतात. तांब्याच्या एका घन सेंटीमीटरांत त्यांची संख्या ८५ वर २१ शून्यें द्यावीं एवढी असते. तारेच्या दोन टोकांना विद्युत्-घट जोडला कीं, ही सर्व गर्दी एका दिशेनें हळूहळू सरकूं लागते. तिलाच आपण वीजप्रवाह म्हणतों. आतां कोणालाही वाटेल कीं, अणूंनीं गच्च भरलेल्या धातूंतून जातांना इलेक्ट्रॉनांना पावलोपावलीं अणूंच्या धडका बसत असतील आणि रोध म्हणजे तोच असेल. परंतु १९२८ सालीं फेलिक्स ब्लॉख या तरुण शास्त्रज्ञानें पुंज-यामिकीच्या आधारें दाखवून दिलें कीं, तसें नाहीं. इलेक्ट्रॉन हा केवळ कण नाहीं, तो लाटेप्रमाणेंही वागतो. आणि अणु जर अगदीं शिस्तीनें, सारख्या अंतरावर, ओळींत उभे असतील, तर ही लाट त्यांच्यामधून मुळींच न अडखळतां निघून जाते. शिस्तबद्ध रांगा अडथळा करीत नाहींत. अडथळा होतो तो शिस्त बिघडल्यामुळें.

ही शिस्त दोन रीतींनीं बिघडते. शाळेच्या मैदानावर कवाईतीसाठीं मुलें ओळींनीं उभीं आहेत अशी कल्पना करा. मुलें चुळबुळ करूं लागलीं, म्हणजे ओळी वांकड्या होतात. धातूंतील अणुही अशीच चुळबुळ करीत असतात. उष्णता म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून हा अणूंचा कंप होय. धातु जितका तापवावा तितका कंप वाढतो, लाटा तितक्या अधिक विखुरतात आणि रोध चढतो. तांब्याची तार २० अंश सेंटिग्रेडवरून १० अंशांवर आणली, तर १०० ओहमचा रोध सुमारें ९६ ओहम होतो. हें झालें पहिलें कारण. दुसरें कारण असें कीं, एखाद्या ओळींत एक जागा रिकामीच आहे, कोठें एक ओळ अर्ध्यावरच तुटली आहे, किंवा कोठें दुसऱ्याच शाळेचा एक मुलगा येऊन उभा राहिला आहे. धातूंत हे सर्व दोष असतात: अणूवांचून राहिलेली जागा, सरकलेली ओळ, आणि परक्या धातूचा अणु, म्हणजे आपल्या सोनाराच्या भाषेंत हीण. मुलांची चुळबुळ दटावून थांबवितां येईल. परंतु परका मुलगा ओळींत उभाच राहणार. त्याप्रमाणें थंडीनें कंप शमतो, पण दोष शमत नाहींत.

लंडन येथील ऑगस्टस मॅथिसन या रसायनशास्त्रज्ञानें १८६० नंतरच्या दशकांत अनेक मिश्रधातूंचे रोध मोजून एक साधा नियम बसविला. धातूचा एकूण रोध म्हणजे दोन रकमांची बेरीज: एक रक्कम तापमानावर अवलंबून, आणि दुसरी हिणावर व दोषांवर अवलंबून. पहिली रक्कम थंडीबरोबर घटत जाते, दुसरी होती तेवढीच राहते. हा नियम ध्यानांत ठेवावा, कारण पुढें उत्पन्न झालेल्या कोड्याचें मूळ यांतच आहे. बेरजेंतील एक रक्कम सारखी घटत असेल आणि दुसरी स्थिर असेल, तर बेरीज घटेल, किंवा घटतां घटतां एके ठिकाणीं थांबेल. ती वाढणार मात्र कधींही नाहीं. हें समजण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अति शीत तापमानावर धातूचें काय होईल याविषयीं तज्ज्ञांत एकमत नव्हतें. निरपेक्ष शून्य, म्हणजे बर्फाच्या तापमानाखालीं सुमारें २७३ अंश, ही थंडीची शेवटची मर्यादा. तेथून वर मोजलेल्या अंशांना केल्व्हिन म्हणतात. जेम्स ड्यूअर यांस वाटे कीं, शून्याजवळ जातां जातां शुद्ध धातूचा रोधही शून्याकडे जाईल. मॅथिसनच्या नियमाप्रमाणें हिणाचा रोध शिल्लक राहावयास हवा होता. आणि ज्यांच्या नांवानें हे अंश ओळखले जातात त्या लॉर्ड केल्व्हिन यांचा तर्क याहून वेगळा होता. त्यांच्या मतें अति थंडींत इलेक्ट्रॉनच अणूंना चिकटून गोठून बसतील. म्हणून रोध आधीं कमी होऊन पुन्हा वाढूं लागेल आणि शेवटीं अपार होईल.

वाद मिटविण्यास थंडी हवी होती. ती हॉलंडांतील लायडन येथें कामर्लिंग ओन्नेस या प्राध्यापकांनीं मिळविली. १० जुलै १९०८ रोजीं त्यांनीं हेलियम वायूचें प्रथमच द्रवांत रूपांतर केलें. हा द्रव ४.२ केल्व्हिनवर, म्हणजे उणे २६९ अंश सेंटिग्रेडच्या आसपास, उकळतो. त्यांत प्लॅटिनम आणि सोनें यांच्या तारा बुडवून रोध मोजला तेव्हां मॅथिसनचा नियम खरा ठरला. रोध उतरत उतरत एके ठिकाणीं थांबला, आणि सोनें जितकें चोख तितकी ही शिल्लक कमी भरली. शिलकी रोध हीच हिणाची कसोटी झाली, आणि आजही प्रयोगशाळांतून धातूची शुद्धता अशाच रीतीनें पारखली जाते. पुढें अधिक चोख धातु हवा म्हणून ओन्नेस पाऱ्याकडे वळले, कारण पारा ऊर्ध्वपातनानें पुन्हा पुन्हा शुद्ध करतां येतो. एप्रिल १९११ मध्यें त्यांना आढळलें कीं, सुमारें ४.२ केल्व्हिनवर पाऱ्याचा रोध हळूहळू नव्हे तर एकाएकीं नाहींसा होतो. हीच अतिसंवाहकता. ओन्नेस यांना १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पाऱ्याचे, शिशाचे व कथलाचे रोध असे शून्य होतात. सोनें, रुपें आणि तांबें मात्र आजपर्यंत साधलेल्या अगदीं खालच्या तापमानांतही अतिसंवाहक झालेलीं नाहींत. मीं मुलाला दिलेलें उत्तर पाऱ्यापुरतें खरें होतें, त्याचें कारण मला ठाऊक असलेल्या कारणाहून अगदीं वेगळें होतें, आणि ज्या तांब्याच्या तारेविषयीं मी शिकवीत होतों तिच्या बाबतींत तें खोटें होतें.

येथवर सर्व सुरळीत होतें. परंतु १९३४ सालीं त्याच लायडनच्या प्रयोगशाळेंत द हास, द बूर आणि व्हॅन डेन बर्ग या तिघांनीं सोन्याच्या तारेचा रोध पुन्हा बारकाईनें मोजला, तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसली. रोध उतरत आला, निरपेक्ष शून्याच्या वर कांहीं अंशांवर तळाला पोहोंचला, आणि त्याहून थंड करतांच पुन्हा चढूं लागला. वाढ अल्प होती, परंतु ती होती. बेरजेंतील एकही रक्कम वाढत नसतां बेरीज वाढावी असाच हा प्रकार झाला. केल्व्हिन यांनीं वर्तविलेला रोधाचा उतार-चढाव जणूं डोळ्यांसमोर उभा राहिला. पण त्यांनीं दिलेलें कारण येथें लागू नव्हतें, कारण इलेक्ट्रॉन कोठेंही गोठलेले नव्हते. उत्तराचा आकार बरोबर आणि कारण चुकीचें, असें परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत आम्हां मास्तरांना पुष्कळदां आढळतें. तो प्रकार थोरांच्या बाबतींतही घडतो, एवढें यावरून दिसतें.

पुढें तांबें व रुपें यांतही असाच तळ आढळला. वर्षें लोटत गेलीं तसतसा संशय एका विशिष्ट हिणावर केंद्रित होऊं लागला. सोन्यांत रुपें मिसळलें तर तळ दिसत नाहीं. रोध नियमाप्रमाणें स्थिर राहतो. परंतु लोखंड, मँगनीज, क्रोमियम अशा धातूंचा नुसता अंश जरी असला तरी तळ दिसतो. हे सर्व चुंबकीय स्वभावाचे अणु आहेत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मिरियम सॅराचिक या विदुषींनीं मॉलिब्डेनम व नायोबियम यांचीं निरनिराळ्या प्रमाणांचीं मिश्रणें करून त्या प्रत्येकांत शेंकडा एक भाग लोखंड घातलें. कांहीं मिश्रणांत लोखंडाचा अणु आपलें चुंबकत्व राखतो, कांहींत गमावतो. जेथें त्यानें चुंबकत्व राखलें तेथेंच रोधाचा तळ दिसला. जेथें गमावलें तेथें दिसला नाहीं. हें संशोधन १९६४ सालीं प्रसिद्ध झालें. गुन्हेगार ओळखला गेला होता; पण त्यानें गुन्हा कसा केला हें अजून कळावयाचें होतें.

तें कळलें त्याच १९६४ सालीं, तोकियो येथें. तेथील विद्युत्-तंत्र प्रयोगशाळेंत जुन कोंदो नांवाचे चौतीस वर्षांचे शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांची विचारसरणी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतों. येथें श्रोत्यांनीं थोडें सावध होऊन ऐकावें, कारण सर्व मर्म याच जागीं आहे.

इलेक्ट्रॉनाला आपल्या भोवती एक गिरकी असते. तिला स्पिन म्हणतात. तिच्या दोनच अवस्था मानूं: वर किंवा खालीं. लोखंडाच्या अणूलाही त्याच्या चुंबकत्वामुळें अशीच गिरकी असते. आतां सोन्यांत रुप्याचा अणु असेल, तर तो ओढ्यांतील दगडासारखा आहे. पाणी त्याच्यावर आदळून विखुरतें, दगड जसाच्या तसा राहतो, आणि मागून येणाऱ्या पाण्याला पूर्वीच्या पाण्याची कांहीं वार्ता नसते. लोखंडाचा अणु मात्र वर-खालीं होणाऱ्या अडसरासारखा आहे. इलेक्ट्रॉन त्याच्यावर आदळतांना आपली गिरकी उलटी करूं शकतो आणि त्याच वेळीं अणूची गिरकीही उलटवून जातो. पुढें येणाऱ्या इलेक्ट्रॉनाला अडसर बदललेला आढळतो. म्हणजे या दोषाला एक स्वतःची अवस्था आहे, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळें बदलते. असा दोष मॅथिसनच्या हिशेबांत कोणीं धरलाच नव्हता.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. रोध तापमानाप्रमाणें कां बदलावा? येथें आणखी एक नियम कामीं येतो: एका अवस्थेंत एकच इलेक्ट्रॉन राहूं शकतो. पायऱ्यापायऱ्यांचें एक प्रेक्षागृह कल्पावें. प्रत्येक बाकावर एकच जण बसणार, आणि लोक खालून वर बाकें भरीत जाणार. खालचीं सर्व बाकें भरलेलीं, वरचीं सर्व रिकामीं, आणि मध्यें भरल्या-रिकाम्याची एक सीमारेषा. धातूंतील इलेक्ट्रॉनही ऊर्जेच्या पायऱ्यांवर असेच बसलेले असतात. उष्णतेंत सीमेजवळचे कांहीं जण वर-खालीं चुळबुळ करतात, म्हणून रेषा पुसट असते. जसजसी थंडी वाढते तसतसी ती रेषा धारदार होत जाते.

कोंदो यांनीं इलेक्ट्रॉनाच्या एका धडकेऐवजीं लागोपाठच्या दोन धडकांचा हिशेब केला. इलेक्ट्रॉन आपल्या मूळ बाकावरून शेवटच्या बाकावर जातांना मध्यंतरीं तिसऱ्या एका बाकाचा उपयोग दोन प्रकारें होऊं शकतो. एक, तो आधीं त्या मधल्या बाकावर जातो व तेथून शेवटच्या बाकावर. यासाठीं मधलें बाक रिकामें हवें. दोन, मधल्या बाकावर आधींच बसलेला इलेक्ट्रॉन शेवटच्या बाकावर जातो व त्याच्या जागीं आपला इलेक्ट्रॉन येऊन बसतो. यासाठीं मधलें बाक भरलेलें हवें. साध्या दोषाच्या बाबतींत या दोन्ही मार्गांचें वजन सारखेंच असतें. म्हणून एकाला जें कमी पडतें तें दुसरा भरून काढतो, आणि बाक भरलें होतें कीं रिकामें होतें हा प्रश्नच हिशेबांतून गळून पडतो. तापमानही त्याबरोबरच गळून पडतें. परंतु गिरकी असलेल्या अणूच्या बाबतींत दोन मार्गांत अणूच्या गिरकीचे फेरबदल उलट्या क्रमानें होतात, आणि गिरकीच्या व्यवहारांत क्रमाला महत्त्व असतें. घरीं एक पुस्तक घेऊन पाहावें. तें आधीं पुढें आडवें पाडून मग उजवीकडे वळविलें, आणि दुसऱ्यांदां आधीं उजवीकडे वळवून मग पुढें पाडलें, तर दोन्ही वेळां पुस्तक निरनिराळ्या स्थितींत राहतें. क्रम बदलला कीं फळ बदललें. म्हणून येथें दोन मार्गांची वजावट पुरी होत नाहीं. बाकें भरलेलीं कीं रिकामीं हें हिशेबांत राहतें, आणि सीमारेषा जितकी धारदार, म्हणजे थंडी जितकी अधिक, तितका हा शिल्लक राहिलेला भाग मोठा होतो.

किती मोठा होतो, तेंही कोंदो यांनीं काढलें. वाढ लॉगॅरिथमच्या नियमानें होते. अर्थ असा कीं, तापमान १० केल्व्हिनवरून १ केल्व्हिनवर आणल्यानें हिणाचा रोध जेवढा वाढेल, साधारण तेवढाच तो १ वरून एक-दशांश केल्व्हिनवर आणल्यानें पुन्हा वाढेल. अणूंच्या कंपामुळें होणारा रोध या थंडींत तापमानाच्या पांचव्या घाताच्या प्रमाणांत झपाट्यानें घटत असतो. एक रक्कम झपाट्यानें घटते, दुसरी हळूहळू वाढते. जेथें दोहोंचा तोल साधतो तेथें रोधाचा तळ. या सूत्रावरून असेंही निघतें कीं, तळाचें तापमान हिणाच्या प्रमाणाच्या पंचममूळाबरोबर बदलावें. म्हणजे लोखंड बत्तीस पट केलें तरी तळाचें तापमान केवळ दुप्पट व्हावें. तळाची जागा हीण वाढवूनही फारशी कां हलत नाहीं, याचा उलगडा त्यामुळें झाला. सोन्यांत लोखंडाचा अल्प अंश असलेल्या तारांचीं मोजमापें आधींच प्रसिद्ध झालेलीं होतीं. कोंदो यांनीं आपली वक्ररेषा त्या आंकड्यांवर ठेवून पाहिली, आणि ती त्यांच्याशीं जुळली. तीस वर्षांचें कोडें सुटलें.

सुटलें, असें म्हटलें खरें. पण सूत्र नीट पाहणाऱ्यांना त्यांत एक नवीन अडचण दिसली. लॉगॅरिथमच्या नियमानें वाढणारी रक्कम निरपेक्ष शून्यापाशीं अनंत होते. लाखांत एखादा लोखंडाचा अणु असलेलें सोनें अपार रोध करील हें संभवनीय नाहीं. म्हणजे कांहीं विशिष्ट तापमानाखालीं कोंदो यांचा हिशेब अपुरा पडत होता. या तापमानाला पुढें कोंदो-तापमान असेंच नांव पडलें. तें धातूच्या व हिणाच्या जोडीप्रमाणें फार वेगळें असतें: तांब्यांतील लोखंडाचें वीस-तीस केल्व्हिनच्या घरांत, तर तांब्यांतील मँगनीजचें एका केल्व्हिनच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. त्याच्या खालीं काय होतें हा प्रश्न आणखी दशकभर गणितज्ञांना झुंजवीत राहिला.

त्याचें उत्तर अमेरिकेंतील केनेथ विल्सन यांनीं १९७५ सालीं दिलें. त्यांनीं सर्व ऊर्जांचा हिशेब एकदम न करतां तो टप्प्याटप्प्यानें, मोठ्या ऊर्जेकडून लहान ऊर्जेकडे उतरत केला, आणि प्रत्येक टप्प्यावर संगणकयंत्राकडून आंकडे काढून घेतले. निष्पन्न असें झालें: थंडी वाढतां वाढतां लोखंडाच्या अणूचा व भोवतालच्या इलेक्ट्रॉनांचा संबंध घट्ट होत जातो. शेवटीं इलेक्ट्रॉनांचा एक मेळा त्या अणूच्या भोवतीं जमून त्याच्या गिरकीच्या बरोबर उलट गिरकी धारण करतो, आणि दोन्ही मिळून गिरकी शून्य होते. अडसर आतां वर-खालीं होत नाहीं. तो जागीं खिळला जातो. अणूचें चुंबकत्व झांकलें जातें आणि तो पुन्हा ओढ्यांतील दगडासारखा, मात्र चांगल्या मोठ्या दगडासारखा, वागूं लागतो. म्हणून रोध अनंताकडे न जातां वर जाऊन एका ठिकाणीं स्थिरावतो. विल्सन यांना १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें पदार्थांच्या अवस्थांतरांसंबंधींच्या सिद्धांताबद्दल. पण त्या मागची टप्प्याटप्प्यानें उतरण्याची गणितपद्धति ही एकच होय.

श्रोत्यांपैकीं कोणी व्यवहारी गृहस्थ विचारतील कीं, या एवढ्याशा रोधाचा उपयोग काय? तोही सांगतों. दहा हजार अणूंत सुमारें सात अणु लोखंडाचे असलेली सोन्याची तार अति शीत तापमान मोजण्याच्या तापयुग्मांत वापरली जाते. शुद्ध सोन्याची तार तेथें कुचकामाची. लोखंडाच्या या हिणामुळेंच तिला थंडी कळते. ज्या हिणानें तीस वर्षें गोंधळ घातला त्याच हिणाला पुढें तापमापकाच्या कामीं लावलें गेलें. दुसरें उदाहरण १९९८ सालचें. इलेक्ट्रॉनांना कोंडून ठेवणारें अति सूक्ष्म बेट अर्धसंवाहकांत तयार करून तेथें हाच परिणाम पाहण्यांत आला. मात्र तेथें थंडीबरोबर रोध वाढण्याऐवजीं वीज अधिक सुलभतेनें वाहूं लागली. कारण उघड आहे. तारेंत तो अणु वाटेंतील अडथळा असतो. बेटाच्या बाबतींत वाट त्याच्यामधूनच जाते, आणि भोवतीं जमणारा मेळा त्या वाटेवरचा पूल बनतो. त्याच वर्षीं सोन्याच्या पृष्ठावर ठेवलेल्या कोबाल्टच्या एकेका अणूजवळ सूक्ष्म सुई नेऊन हा परिणाम एका अणूच्या ठिकाणींही दाखविण्यांत आला. कोंदो यांनीं कागदावर केलेला हिशेब चौतीस वर्षांनीं एका अणूवर पडताळून पाहतां आला. तो पाहावयास कोंदो स्वतः हयात होते. २०२२ सालीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

आतां माझ्या त्या विद्यार्थ्याकडे येतों. थंड करीतच गेलों तर शेवटीं काय होईल, असें त्यानें विचारलें होतें. आज मी त्याला असें सांगेन: बाळ, तें धातूवर आणि त्यांतील दोषांवर अवलंबून आहे. पारा, शिसें किंवा कथील असेल, तर एका ठराविक तापमानाखालीं रोध एकाएकीं नाहींसा होईल. सोनें किंवा तांबें असेल आणि त्यांत साधें हीण असेल, तर रोध उतरून हिणाच्या प्रमाणांत शिल्लक राहील. आणि त्यांत लोखंडासारखें चुंबकीय हीण असेल, तर रोध आधीं उतरेल, मग चढेल, आणि अखेर स्थिरावेल. शिवाय मी त्याला हेंही सांगेन कीं, तुझा प्रश्न शाळेच्या पुस्तकांतील नव्हता; ड्यूअर आणि केल्व्हिन यांनीं घातलेल्या वादाचाच तो प्रश्न होता, आणि त्याचें पुरतें उत्तर मिळण्यास १९७५ साल उजाडावें लागलें.

तो मुलगा आतां संसारी गृहस्थ झाला असेल. कोठें असतो हें मला ठाऊक नाहीं. त्याच्या जुन्या वहींत 'शेवटीं रोध शून्य होतो' हें वाक्य अजून असेल, तर त्यानें तें खोडावें, आणि समासांत माझ्या नांवानें लाल शाईची एक फुली मारावी. ती मला मिळालीच पाहिजे.